तीन तासांची गुणवत्ता

आरक्षणाचा विषय निघाला की कोर्टाच्या बाररूममधील आमच्या सवर्ण मित्रांचे एक वाक्य ठरलेले असते. 'अमेरिकेत बघा, तिथे फक्त गुणवत्ता चालते.' मग आम्ही त्यांना न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांबद्दल विचारतो. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या शहराच्या शाळांबद्दल.

तिथे आठवीतल्या मुलाला नववीसाठी हायस्कूल निवडावे लागते. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक अशी आठ नामांकित सरकारी हायस्कुले आहेत. फी नाही. प्रवेश मात्र सुमारे तीन तासांच्या एकाच परीक्षेवर. मुलाने शाळांचा पसंतीक्रम लिहायचा आणि गुणांच्या उतरंडीने जागा वाटायच्या. शाळेतली वर्षभराची प्रगती, शिक्षकांचे मत, घरची परिस्थिती, काही बघायचे नाही. २५ हजारांहून अधिक मुले बसतात, जागा चारेक हजार. खाजगी क्लासचा धंदा तिथेही जोरात आहे, हे सांगायला नको!

परिणाम काय? २०१९ साली स्टायव्हेसंटने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय मुले फक्त ७. शहराच्या सरकारी शाळांत त्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश असताना!

वकील म्हणून आम्हाला यातला कायदा जास्त बोलका वाटतो. १९७१ साली ही परीक्षा कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन मुलांवर अन्याय करते अशी तक्रार झाली, शहराच्या शिक्षणप्रमुखांनी चौकशी समिती नेमायचे ठरवले. समितीचे काम व्हायच्या आतच राज्याच्या विधिमंडळाने हेक्ट-कलांड्रा कायदा करून टाकला. प्रवेश परीक्षेवरच, असे त्यात लिहिले. म्हणजे गुणवत्ता स्वयंभू असते म्हणणाऱ्यांनाच तिला कायद्याचे कुंपण घालावे लागले. (पुढच्याच वर्षी, १९७२ साली, अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली.)

२०१८ साली महापौर डी ब्लासिओ यांनी परीक्षा काढून प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या मुलांना जागा देण्याची योजना मांडली. ती विधिमंडळात अडली. विरोधात रस्त्यावर उतरले ते प्रामुख्याने आशियाई पालक. त्यांना शत्रू ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. त्यांत हॉटेलात, शिवणकामाच्या कारखान्यात राबणारे चिनी व बांगलादेशी स्थलांतरित पुष्कळ आहेत. पोटाला चिमटा घेऊन ते मुलांना क्लासला घालतात. पण चांगल्या शाळा मूठभर ठेवायच्या आणि एका गरिबाला दुसऱ्याशी झुंजवायचे, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची? ज्यांची मुले महागड्या खाजगी शाळांत जातात, त्यांना या भांडणाची झळ लागत नाही. आपल्याकडे आरक्षित प्रवर्गांनाच एकमेकांवर घालण्याचा उद्योग चालतो, तो याहून वेगळा नाही.

आता आपल्या देशातील निवडक सरकारी शाळा पाहा. जवाहर नवोदय विद्यालयातही प्रवेश परीक्षेनेच होतो, सहावीसाठी. परंतु किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, मात्र १५ आणि साडेसात टक्क्यांहून कमी नाही. परीक्षा मराठीतूनही देता येते. मग गुणवत्ता बुडाली काय? सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या निकालात नवोदय वर्षानुवर्षे आघाडीवर असतात. आरक्षणाने दर्जा घसरतो म्हणणाऱ्या मित्रांनी हे निकाल जरूर वाचावेत.

आपल्यातल्या पालकांनाही एक विचारायचे आहे. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, पाचवीत असताना. अर्जाला पैसे लागत नाहीत. तरी कित्येक गावांत मूल सहावीत गेल्यावर पालक आमच्याकडे चौकशीला येतात, तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून गावोगावच्या विहारातील बैठकीत आम्ही आता आधी एवढेच विचारतो की, पाचवीतली मुले किती आणि अर्ज किती जणांनी भरला.