दोन घरचा पाहुणा

राजुऱ्याहून गडचांदूरला यायचं म्हणजे सिमेंटच्या ट्रकांमागून धूळ खात यायचं. मागच्या उन्हाळ्यात याच वाटेवर एक पोरगा मोटारसायकलवरून पडला. डोक्यातून रक्त, शुद्ध अर्धवट. बघता बघता पंचवीसेक माणसं जमली. त्यांत मीही. कोणीतरी फोन केलाच असेल, असं मला वाटलं. मागाहून कळलं, सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

तेवढ्यात एका बाईनं डोक्यावरचं भाजीचं टोपलं खाली ठेवलं. ‘‘काहून पाह्यत राह्यले जी? चष्मेवाले भाऊ, तुमी १०८ लावा. अन् तू रे लाल बनियनवाल्या, ट्रका थांबव.’’ चष्मेवाला मीच. खिशातून फोन कधी निघाला, मलाच समजलं नाही.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. इथं तर पंचवीस घरं होती. डार्ली आणि लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हेच मोजलं. इंटरकॉमवर बोलणाऱ्याला फीट आल्याचं ऐकून, ‘ऐकणारा मी एकटाच’ असं समजणारे ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणारे फक्त ३१ टक्के.

आपल्याकडे त्यात पोलिसांची आणि कोर्टाच्या खेट्यांची भीती. खरं तर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ सालीच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलमही आलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

हत्यार समोर असेल तर भीती खरीच. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीमागे धावणाऱ्याला लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील या विद्यार्थ्यांनी अडवलं. तेवढी छाती सगळ्यांना नसते. पण मदतीसाठी ११२ लावायला छाती लागत नाही. आणि पडलेला आपणच असलो, तर ‘वाचवा’ एवढ्यावर थांबू नये. एकाकडे बोट करून, त्याच्या कपड्याची खूण सांगून काम नेमून द्यावं.

रुग्णवाहिका गेली. बाईनं टोपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा मलाच हाक मारली, ‘‘चष्मेवाले भाऊ, टोपल्याले हात लावा जी.’’ भोवती अजून वीस माणसं होती. ‘कोणीतरी हात लावा’ असं ती म्हणालीच नाही.