गणितातील डॉक्टर

एखाद्या मुलाने ‘मी गणितात डॉक्टर होणार’ असे म्हटले की घरची मंडळी प्रथम हसतात आणि मग विचारतात, ‘हा डॉक्टर कोणाची नाडी पाहणार?’ प्रश्न थट्टेचा असला तरी गैर नाही. ज्या विद्येपायी तारुण्याची पाच-सहा वर्षे वेचावयाची, तिचा उपयोग काय, हे विचारण्याचा आईबापांस पूर्ण अधिकार आहे. म्हणून या विषयावरील आमचे मत येथे थोडक्यात मांडीत आहोत.

नाडीचेच बोलावयाचे तर उपयोजित गणिताने आपल्या मुंबईचीच नाडी एकदा पाहिली आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या अवधीत मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली, याची नोंद झालेली होती. केर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघा विद्वानांनी १९२७ साली साथीच्या रोगांचा आपला गणिती सिद्धान्त प्रसिद्ध केला, तो या आकड्यांवर ताडून पाहून. मॅकेंड्रिक हे पूर्वी हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर. केर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, व १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी लोकांचे तीन वर्ग कल्पिले: ज्यांना रोग होऊ शकेल ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे होऊन वा मृत्यू पावून जे रोगाच्या साखळीबाहेर पडले ते. हे वर्ग कसे वाढतात व घटतात याची समीकरणे मांडताच एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. साथ ओसरते ती सर्वांना रोग होऊन गेल्यामुळे नव्हे. रोग होऊ शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली उतरली की ती मावळू लागते. २०२० साली कोविडची साथ पसरली तेव्हा अनेक देशांतील गणितज्ञांनी याच मांडणीचा आधार घेतला. गणिताचा डॉक्टर नाडी पाहतो ती अशी, एकाची नव्हे तर साऱ्या शहराची.

आता पदवीविषयी. पीएच.डी. म्हणजे एम.एस्सी.च्या पुढची आणखी एक मोठी परीक्षा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर परीक्षकास ठाऊक असते. येथे ते कोणासच ठाऊक नसते, मार्गदर्शक गुरूंसही नसते. महिनेच्या महिने केलेले काम एके दिवशी निरुपयोगी ठरते व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणून शंभरांपैकी शंभर गुण मिळविणारा प्रत्येक विद्यार्थी येथे टिकेलच असे आम्हांस वाटत नाही. जो न सुटलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने करून पाहतो, आणि ‘हे मला समजले नाही’ असे वर्गात म्हणावयास लाजत नाही, तो टिकेल.

सोफिया कोवालेव्स्काया या रशियन विदुषीचे चरित्र या बाबतीत बोधप्रद आहे. बर्लिनच्या विद्यापीठात त्या काळी स्त्रियांस प्रवेश नव्हता. म्हणून वायरश्ट्रास या थोर गणितज्ञांनी त्यांना चार वर्षे खासगी रीतीने शिकविले. १८७४ साली गटिंगेन विद्यापीठाने तीन निबंधांवरून त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. त्यांपैकी एक निबंध शनीच्या कड्यांच्या आकाराविषयी होता. परंतु पदवी मिळाली म्हणून जागा मिळाली नाही. १८८४ साली त्या स्टॉकहोम येथे शिकवू लागल्या, तोवर दहा वर्षे लोटली होती. पुढे १८८८ साली, भोवऱ्यासारखा पदार्थ एका बिंदूभोवती कसा फिरतो या प्रश्नावरील कार्याबद्दल पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले, आणि ते काम इतके सरस ठरले की पारितोषिकाची रक्कम ३,००० फ्रँकांवरून ५,००० करण्यात आली.

पालकांस आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली पैशाची. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरचे स्थान मिळवून जे शिष्यवृत्तीस पात्र ठरतात, त्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये देण्याचे ठरले. म्हणजे हे शिक्षण कर्ज काढूनच करावे लागते असे नाही. मात्र ती परीक्षा कठीण आहे, आणि त्याच वयाचे सोबती अधिक मिळवीत असतात, हेही लपवू नये. दुसरी गोष्ट मुलींची. २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस कमीत कमी तीन व सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे आहेत. स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. नियमाने दिलेला हा अवकाश घराने हिरावून घेऊ नये. ‘आता पुरे झाले शिक्षण’ हे वाक्य मुलाच्या बाबतीत ज्या वयात आपण उच्चारीत नाही, त्या वयात मुलीच्या बाबतीतही उच्चारू नये.

विद्यार्थिमित्रहो, नावामागे ‘डॉक्टर’ लावण्याच्या हौसेने या वाटेस कोणी जाऊ नये. ती हौस पहिल्या वर्षातच विरते. परंतु पुराचे पाणी कोठवर चढेल, साथ केव्हा ओसरेल, असा एखादा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याने भिऊन मागे फिरू नये. आणि आईबापांनी अशा मुलाला ‘उपयोग काय?’ असे जरूर विचारावे. पण विचारल्यावर त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.