रुग्णाला आधी विचारा

काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकाराचा प्रश्न गोमंतकीयांना नवा नाही. गेली कित्येक वर्षे तो चिंतेचा विषय होऊन राहिला आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी घर सोडावे लागते. यंत्राला चार तास, जाण्यायेण्याला निराळे, आणि उरलेला दिवस अंगातले त्राण परत येण्याची वाट पाहण्यात जातो. सोबत आलेल्या मुलाची किंवा पत्नीची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. ही झीज सरकारच्या कोणत्या वहीत मांडली जाते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न भावनेचा वाटला तरी तो धोरणाचा आहे. केंद्र सरकारने 2016 साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम हाती घेतला आणि 2019 साली पोटाच्या पडद्यातून करावयाच्या डायलिसिसचाही त्यात समावेश करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. या दुसऱ्या पद्धतीत रुग्ण घरीच पोटात द्रव सोडतो व काढतो. हाताने करावयाच्या प्रकारात हे दिवसातून साधारण चार वेळा करावे लागते, पण त्याला वीज लागत नाही की इस्पितळाची खाट लागत नाही. मात्र स्वच्छ जागा हवी, हात धुण्यास चांगले पाणी हवे, आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार असतेच. यांपैकी कोणत्या उपचारावर जनतेचा पैसा किती खर्चावा, हे ठरविण्याचे आता एक शास्त्रच झाले आहे. आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन असे त्याचे नाव. भारतात 2017 पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी आहे. पैसा मोजका आणि रोग अनेक अशा देशात ती हवीच होती, आणि तिचे आम्ही स्वागतच करतो.

तज्ज्ञांच्या बेरीज-वजाबाकीवर आमचा आक्षेप नाही. परंतु हिशेब मांडण्यापूर्वी एक गोष्ट ठरलेली असते : मोजायचे काय? कोणत्या रुग्णांचा विचार करायचा, नव्या उपचाराची तुलना कशाशी करायची आणि गुण आला म्हणजे नेमके काय झाले असे समजायचे, हे सारे आरंभीच निश्चित होते. पुढचे गणित कितीही निर्दोष असले, तरी जे मापातच धरले नाही ते उत्तरात उतरत नाही.

याचा ढळढळीत पुरावा डायलिसिसच्याच क्षेत्रात मिळतो. 70 हून अधिक देशांतील रुग्ण, त्यांचे काळजीवाहक आणि वैद्यकीय व्यावसायिक यांना, यंत्राच्या डायलिसिसच्या संशोधनात कशाला महत्त्व द्यावे असे विचारण्यात आले. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. वैद्यकीय मंडळींनी मृत्यू आणि इस्पितळात दाखल होण्याची वेळ यांना रुग्णांपेक्षा अधिक वजन दिले. रुग्णांनी प्रवास करता येणे, यंत्राविना मिळणारा वेळ आणि उपचारानंतरची गळून जाण्याची अवस्था यांना डॉक्टरांपेक्षा अधिक वजन दिले. दोघांनी मिळून जी मोजकी मुख्य परिणामांची यादी केली, तीत थकव्याला स्थान मिळाले.

आता आपल्याकडे पाहा. जगण्याची गुणवत्ता मोजण्यासाठी आपल्या यंत्रणेने ईक्यू-फाइव्ह-डी ही प्रश्नावली स्वीकारली आहे. तीत पाच बाबी विचारल्या जातात : हिंडणे-फिरणे, स्वत:ची निगा, नित्याचे व्यवहार, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा खिन्नता. थकव्याचा स्वतंत्र प्रश्न तीत नाही. ज्या त्रासाला डायलिसिसचा रुग्ण अग्रस्थानी ठेवतो, तो आडवळणानेच हिशेबात येणार. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो खरे. पण कळलेले सांगायला त्याला बोलावतो कधी?

उशिरा विचारल्याने काय होते, याचे उदाहरण ब्रिटनने दिले आहे. तेथील ‘नाइस’ ही मूल्यमापन संस्था 1999 साली स्थापन झाली. उतारवयात दृष्टी हिरावून घेणाऱ्या एका नेत्रविकारावरील महाग औषधाबाबत तिच्या 2007 च्या मसुद्यात, दोन डोळ्यांपैकी ज्याची दृष्टी अधिक चांगली त्याच डोळ्यावर उपचार करावा, अशी शिफारस होती. म्हणजे पहिला डोळा गेला तर जाऊ द्यायचा! अंधांच्या संघटनांनी आवाज उठविला आणि 2008 च्या अंतिम निर्णयात ती अट गेली. हे एवढे रण माजविण्यास तेथे बलाढ्य संघटना होत्या. आपल्या वाड्यावरच्या रुग्णामागे कोण आहे? अभ्यासाची व्याप्ती ठरवितानाच रुग्णसंघटनांचे मत मागविण्याची पद्धत ‘नाइस’मध्ये आहे. आपल्याकडे मूल्यमापनाचे विषय मुख्यत: केंद्र व राज्यांच्या आरोग्य खात्यांकडून येतात. रुग्णाचा प्रश्न खाते जेवढा मांडील तेवढाच पुढे जातो.

रुग्ण तज्ज्ञ नसतो, प्रत्येकाला आपलाच रोग मोठा वाटतो, असे यावर म्हटले जाईल. ते खोटे नाही. म्हणूनच निवाडा त्याच्या हाती द्या असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न ठरविण्यात त्याचा शब्द असावा, एवढेच आमचे मागणे आहे. याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. रुग्णसंघटनांना औषध कंपन्या पैसा पुरवितात, आणि मग रुग्णाच्या तोंडून दुकानदार बोलू लागतो. त्यावर उपाय एकच : कोणाचा पैसा कोठून येतो, हे बैठकीपूर्वी जाहीर झाले पाहिजे.

गोवा सरकारने या बाबतीत दिल्लीची वाट पाहू नये. ज्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा वारसा 1842 पर्यंत मागे जातो, त्याच्याच साह्याने आरंभ करता येईल. डायलिसिसविषयी पुढचा मोठा निर्णय घेण्यापूर्वी, काय मोजायचे हे ठरविण्याच्या पहिल्या बैठकीला निरनिराळ्या परिस्थितीतील काही रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलवा. त्यात केवळ इंग्रजी जाणणारे शहरी गृहस्थ नकोत. बोलणे कोकणीत, मराठीत होऊ द्या. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्या. आणि त्यांचे कोणते म्हणणे स्वीकारले, कोणते का नाकारले, हे लेखी कळवा. लाखो रुपयांच्या यंत्रापुढे हा खर्च नगण्य आहे.

यंत्रे आली, फीत कापली गेली, आणि मग रुग्णांचे अभिप्राय मागविणारी वही दाराशी ठेवली, तर त्याला वरातीमागून घोडे म्हणतात. बसची वेळ, घरातले पाणी आणि अंगातले त्राण यांची मोजदाद ज्याला रोज करावी लागते, त्याला मूल्यमापनाच्या पहिल्याच पानावर जागा मिळाली पाहिजे.