पसंतीक्रमाचा मध्यम मार्ग

स्मरणिका हा कृतज्ञतेचा आणि आनंदाचा दस्तऐवज असतो. मागील पिढीचे कष्ट, देणगीदारांचे औदार्य आणि गुणवंत विद्यार्थ्यांची यादी तिच्यात सन्मानाने यावी, हे उचितच आहे. परंतु या प्रसंगी आम्ही एका दुसऱ्या यादीविषयी लिहू इच्छितो. ती कोणत्याही समारंभात वाचून दाखवली जात नाही. तरी आमच्या कित्येक मुलामुलींच्या आयुष्याची दिशा तिच्यावर ठरते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी भरावयाचा महाविद्यालयांचा पसंतीक्रम, ही ती यादी.

सीईटीचा निकाल लागतो, पर्सेंटाइल कळते, गुणवत्ता क्रमांक हाती येतो आणि मग केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, विद्यार्थ्याने आपले पर्याय क्रमाने नोंदवायचे असतात. महाविद्यालय आणि शाखा यांची प्रत्येक जोडी हा स्वतंत्र पर्याय. असे तीनशेपर्यंत पर्याय भरण्याची मुभा असते. ज्या परीक्षेसाठी दोन वर्षे जागरणे केली, तिचे फळ या एका अर्जातून पदरात पडायचे असते; आणि तो अर्ज मात्र बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या सायबर कॅफेत, घाईघाईने, दुसऱ्याच्या सल्ल्याने भरला जातो.

आम्ही पाहिलेली दोन उदाहरणे येथे नमूद करतो. एका मुलाने केवळ पाच पर्याय भरले. पाचही पुण्या-मुंबईतील नामांकित महाविद्यालयांचे, आणि पाचही संगणक शाखेचे. एकाही फेरीत त्याला जागा मिळाली नाही. अखेरीस घरच्यांनी व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. त्या प्रवेशाला शिष्यवृत्ती लागू होत नाही, हे त्यांना पैसे भरल्यानंतर समजले. पहिल्याच वर्षी घरची बैलजोडी विकली गेली. दुसरे उदाहरण एका मुलीचे. तिचे गुण त्या मुलापेक्षा अधिक होते. पण ‘मुलीला लांब कसे पाठवायचे’ या विचाराने तिच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातील तीन महाविद्यालये आली आणि पहिल्या फेरीत त्यांपैकी पहिले मिळाले. पुढे कटऑफची यादी पाहिली, तेव्हा कराडच्या शासकीय महाविद्यालयात तिला सहज जागा मिळाली असती, असे दिसून आले. ती आज चांगल्या नोकरीत आहे. पण मेळाव्यात भेटली तेव्हा म्हणाली, “सर, ‘वर लिही’ असं मला कुणी म्हणालंच नाही.” हे शब्द आम्हाला अजून बोचतात, कारण ते सांगण्याचे काम आमचेच होते.

एक यादी प्रतिष्ठेच्या मोहातून झाली, दुसरी भयातून. दोन्ही टोके सोडून मधून जाणारी वाट तथागतांनी दाखविली, हे आमच्या शाळेत रोज सांगितले जाते. परंतु मध्यम मार्ग म्हणजे मधले महाविद्यालय निवडणे नव्हे. वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहून पाऊल टाकणे, हा त्याचा अर्थ. कालामांना केलेल्या उपदेशात ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा कोणाच्या अधिकारावर विसंबून काही स्वीकारू नका, असे बुद्धांनी बजावले. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या भोवती ऐकीव गोष्टींखेरीज दुसरे असते तरी काय?

त्यांतील सर्वांत घातक ऐकीव गोष्ट अशी, की ‘वरचे महाविद्यालय आधी लिहिले तर खालचे हातचे जाते.’ हे खरे नाही. गुणवत्ता क्रमांकानुसार विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली जागा उपलब्ध असेल ती त्याला दिली जाते. वरचे पर्याय न मिळाल्याने खालच्यांवरचा हक्क जराही कमी होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो केवळ आपल्या खऱ्या इच्छेने; मिळण्याची शक्यता पाहायची ती यादी किती खोल न्यायची हे ठरवण्यासाठी. मात्र एक नियम ध्यानात असू द्यावा. २०२५ च्या प्रवेशांपासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला, तर तो बंधनकारक ठरतो. तेव्हा मनात नसलेले नाव केवळ कोणी सांगितले म्हणून वरच्या सहांत लिहिणे महागात पडते. नियम दरवर्षी बदलू शकतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

समतोल यादी कशी असावी, हे आमच्या पालकांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. कोरडवाहू शेतकरी सगळे रान एकाच पिकाखाली आणत नाही. तो कापूस लावतो, त्यात तुरीची ओळ घेतो आणि घरच्या भाकरीपुरती ज्वारीही पेरतो. पसंतीक्रम तसाच असावा. वरचा भाग आकांक्षेचा: पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद अशी नावे, गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्यापेक्षा काहीसा वर असला तरी, निःसंकोच लिहावीत. मधला आणि सर्वांत मोठा भाग आवाक्यातला: जिथे मागील दोन-तीन वर्षांचे कटऑफ आपल्या क्रमांकाच्या आसपास आहेत, अशी नांदेड, कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, लोणेरे यांसारख्या ठिकाणची किंवा चांगली खासगी महाविद्यालये. आणि शेवटचा भाग आधाराचा: जिथे जागा मिळेलच आणि मिळाल्यास आपण आनंदाने जाऊ, असे काही पर्याय. ‘आनंदाने’ हा शब्द महत्त्वाचा. जिथे पाऊल ठेवायचे नाही ते नाव आधार होऊ शकत नाही.

कटऑफ वाचणे ही एक साक्षरताच आहे. त्या तक्त्यांत जीओपीईएनएस, जीएससीएच, एलएससीओ अशी अक्षरे असतात. आरंभीचे ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण व ‘एल’ म्हणजे महिलांसाठीची जागा; मधली अक्षरे प्रवर्ग दाखवितात; अखेरचे ‘एस’, ‘एच’, ‘ओ’ हे अनुक्रमे राज्यस्तर, गृह विद्यापीठ व गृह विद्यापीठाबाहेरील जागा दर्शवितात. आपली ओळ कोणती, हे न जाणता केवळ खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून मुले चांगली महाविद्यालये यादीतून वगळतात. काही मुलांना राखीव जागेचा उल्लेखही संकोचाचा वाटतो. त्यांना आम्ही सांगतो: हा संविधानाने दिलेला हक्क आहे, आणि बौद्धांना तो केंद्र स्तरावर मिळण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. जो हक्क इतक्या उशिरा आला, तो लाजेपोटी वाया घालवू नये.

पैशांचा विचार यादीच्या आधी व्हावा, नंतर नव्हे. कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिष्यवृत्ती व फ्रीशिपची दारे उघडी राहतात. ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी शिकवणी शुल्क माफी योजनेच्या जागा असतात. त्यांचे पर्याय संकेतांक वेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे भरावे लागतात. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. या सर्वांना कागद लागतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. अकरावीतच अर्ज करावा. ज्यांना जेईईद्वारे नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत जायचे आहे, त्यांनी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढावा. एका कागदाअभावी हुकलेली जागा आम्ही पाहिली आहे.

शाखेबाबत एवढेच म्हणतो, की संगणक शाखेखेरीज अभियांत्रिकी नाही, हा समज सोडावा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. त्या वेळी त्यांनी ज्या नदीखोऱ्यांच्या, जलमार्गांच्या आणि विजेच्या धोरणाचा पाया घातला, ते सारे स्थापत्य आणि विद्युत अभियंत्यांच्या हातूनच उभे राहणार होते. ज्याला ज्या कामात रस आहे, त्याने ती शाखा वर लिहावी.

आता आमच्या स्वतःच्या दोषाविषयी. दर जुलैत शाळेच्या प्रवेशद्वारावर अभिनंदनाचा फलक लागतो. त्यावर कोणाची छायाचित्रे असतात? सीओईपी, व्हीजेटीआय, व्हीएनआयटी येथे गेलेल्यांची. जो मुलगा जवळच्या शासकीय महाविद्यालयात शुल्क न भरता यंत्र अभियांत्रिकी शिकतो आणि घरात पहिला पदवीधर होतो, त्याचे नाव फलकावर नसते. मग खालच्या वर्गातील मुले यादी भरताना मनातल्या मनात तो फलकच भरतात, यात नवल ते काय? पाच पर्याय भरणारा तो मुलगा याच प्रवेशद्वारातून रोज जात-येत होता.

म्हणून आमचे मत असे, की येत्या वर्षापासून फलकावर प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाचे नाव, अकारविल्हे, सारख्याच अक्षरांत असावे. आणि माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. आपण शाळेला पंखे दिले, ग्रंथालयाला कपाटे दिली. आता आपल्या महाविद्यालयाविषयी दोन पाने खरी माहिती लिहून द्या. प्रयोगशाळा चालू स्थितीत आहेत का, खानावळीचा महिन्याचा खर्च किती, शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत महाविद्यालय थांबते की परीक्षेचा अर्ज अडवते, नोकऱ्या किती जणांना आणि कोणत्या मिळतात, मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था कशी आहे. ही पाने आम्ही ग्रंथालयात एका फाइलमध्ये ठेवू. पुढील जून महिन्यात एखादी मुलगी वडिलांसह ती फाइल उघडेल आणि कराडच्या वसतिगृहाविषयी तेथेच राहिलेल्या ताईने लिहिलेले वाचेल. मग ‘वर लिही’ हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.