विरळ भुवया : आधी तपासणी, मग तेल

१९९० च्या दशकात तालुक्याच्या गावांतूनही ब्यूटी पार्लरे निघाली आणि ‘आयब्रो करणे’ हा लग्नकार्याच्या तयारीचा एक भागच होऊन बसला. रेघेसारखी बारीक भुवई तेव्हा शोभून दिसे. दर पंधरवड्याला दोरा फिरे, राहिलेसाहिलेले केस घरी चिमट्याने उपटले जात. त्या वेळच्या तरुणी आज पन्नाशी-साठीत आहेत आणि ‘भुवया पुन्हा दाट होतील का?’ असे संकोचत विचारतात. घरचे म्हणतात, ‘या वयात कसला नखरा?’ आमचे मत याच्या अगदी उलट आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. भुवईचा केस मात्र काही आठवडेच वाढतो, मग थांबतो व गळतो. उपटलेला केस एरवी परत येतो. पण तेच मूळ वर्षानुवर्षे दुखावत राहिले तर निकामी होऊ शकते. त्यात वाढत्या वयाने केस मुळातच बारीक होतात. म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा : चार ते सहा महिने दोरा आणि चिमटा पूर्ण बंद. जी मुळे जिवंत असतील त्यांचे केस तेवढ्या काळात बहुधा दिसू लागतात.

परंतु सारे खापर दोऱ्यावर फोडणे धोक्याचे आहे. जिथे दोरा कधी फिरलाच नाही तिथलेही केस गेले असतील, तर कारण निराळे असू शकते. कानाकडच्या बाजूची भुवई गळणे, त्याबरोबर थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ आणि थंडी सहन न होणे, ही थायरॉईड मंदावल्याची लक्षणे असू शकतात. रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते. भुवया झडून चेहऱ्याची किंवा कानाच्या पाळीची कातडी जाड, तुकतुकीत झाली, अंगावर बधिर चट्टा आला, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. उशीर झाला तर मात्र हातापायांच्या नसांचे नुकसान भरून येत नाही. तिसरा आजार बहुधा रजोनिवृत्तीनंतर होतो. त्यात भुवया जातात आणि कपाळावरची केसांची रेषाही मागे सरकते. १९९४ साली ऑस्ट्रेलियातून त्याचे प्रथम वर्णन झाले. त्यात मुळांच्या जागी व्रण होतो. गेलेले केस सहसा परत येत नाहीत, पण वेळीच उपचार केल्यास पुढची गळती रोखता येते.

आता उपायांविषयी. एरंडेल तेलाने असलेला केस चमकतो. नवा उगवतो याला पुरावा नाही. तेल लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नये. मिनॉक्सिडिल नावाचे औषध काहींना उपयोगी पडते, पण ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच, डोळे सांभाळून लावावे. फरक दिसायला काही महिने लागतात. मेलेल्या मुळावर मात्र कोणतेही औषध चालत नाही. केसांचा काळा रंग भुवयांना लावूच नये. तशी सूचना पाकिटावरच छापलेली असते. त्याच्या ॲलर्जीने डोळे सुजून बंद होतात, डोळ्यांत गेल्यास दृष्टीवरही बेतू शकते. सुईने रंग भरून भुवया कोरून घ्यायच्या असतील, तर सुई समोर नव्या पाकिटातून काढायला लावावी. कावीळ-ब आणि कावीळ-क दूषित सुईतून पसरतात. याउलट साध्या पेन्सिलीने रेघ ओढणे स्वस्त आणि निर्धोक.

साठीतही आपला चेहरा नीट दिसावा असे वाटणे यात गैर काहीच नाही. त्या इच्छेपोटी एखादी बाई दवाखान्याची पायरी चढत असेल, तर घरच्यांनी तिला हसू नये आणि डॉक्टरांनी ‘वयामुळे होते’ म्हणून तिला परत पाठवू नये. भुवई पाहायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात एखादा मोठा आजार वेळेवर सापडू शकतो.