‘असता’ कुठे लावावा?

भाची अकरावीला फ्रेंच शिकते. परवा वही घेऊन आली, “खाला, हा संकेतार्थ डोक्यात शिरत नाही.” आम्ही दोघींनी पुस्तक उघडले.

‘मला कळलं असतं, तर मी आले असते.’ मराठीत दोन्हीकडे ‘असता’चेच रूप. फ्रेंचमध्ये तसे नाही: ‘सी झ’आव्हे स्यू, झ सरे व्हन्यू.’ ‘सी’ म्हणजे जर. त्याच्यामागे पूर्ण भूतकाळ येतो, ‘कळलं होतं’सारखा. संकेतार्थ फक्त ‘तर’च्या भागात. बहुतेक क्रियापदांना ‘ओरे’, येणे-जाणे यांसारख्यांना ‘सरे’, आणि पुढे क्रियापदाचे भूतकाळी रूप. बाई बोलत असेल तर ‘व्हन्यू’ लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते, ऐकू मात्र येत नाही. आपल्या ‘आलो’ आणि ‘आले’त फरक ऐकूही येतो!

इथवर तिला जमले. मग बातमीतले वाक्य आले: ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने.’ तिने लिहिले, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता.’ मीही आधी मान डोलावली. पण वाक्यात ‘जर’ नव्हताच. खात्री न झालेली बातमी देताना फ्रेंच पत्रकार हेच रूप वापरतात. म्हणजे ‘राजीनामा दिल्याचे समजते’. बातमी आली की आधी शहानिशा करा, असे सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे; इथे ती सावधगिरी क्रियापदातच आहे.

“आपल्या ‘म्हणे’सारखं?” भाचीने विचारले. अगदी तसेच. तिने ‘असता’ खोडला आणि लिहिले, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे.’