टोळी निघण्याआधी मोबाईल भरून द्या

दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणीच्या शाळांतले वर्ग रिकामे दिसू लागतात. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची बैलगाडीबरोबर फडात जातात. बीड जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना म्हणून एवढंच सांगणं आहे: इंटरनेटवरचं चांगलं साहित्य दिवाळीच्या आधी उतरवून ठेवा. ‘नंतर लिंक पाठवतो’ म्हणू नका. फडात रेंजचा आणि रिचार्जचा भरवसा नाही.

फार शोधत बसण्याचीही गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवले की शाळेच्या संगणकावर नेटशिवाय चालतात. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ धडे बघावेत. त्यातल्या अनेकांचं निवेदन मराठीत आहे.

पण पहिली पसंती विचाराल तर अरविंद गुप्तांचे व्हिडिओ. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुण्याच्या आयुकात बसून टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले. त्यांची साधी मोटार आधी करा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, चुंबक आणि वाइंडिंगची तार. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तुकड्याने मिळते, चुंबक जुन्या स्पीकरमधून निघतो. तारेच्या एका टोकाचं वार्निश पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं तीनच बाजूंनी. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं नुसतं डुलतं, कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलटं होतं. चौथी बाजू झाकलेली राहिली की नेमका त्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. हे आधी सांगू नका. पोरांना दोन्ही टोकं खरवडू द्या, मोटार अडू द्या, मग विचारा. विहिरीवरची मोटार जळालेली त्यांनी पाहिलेली असते, प्रश्न तेही विचारतील.

नुसते व्हिडिओ दाखवून तास संपवणं मात्र फळ्यावरून उतरवून देण्याइतकंच निरुपयोगी आहे.

पालकांनो, टोळीत एखाद्याकडे तरी स्मार्टफोन असतोच. निघण्याआधी तो घेऊन गुरुजींकडे जा, मेमरी कार्डात पुस्तकं आणि मोटारीचा व्हिडिओ भरून घ्या. सेल आणि तार गाठोड्यात टाकायला विसरू नका.